पश्चात्तापाला निघालेल्या बॅटऱ्या

शुक्रवारची दुपार कलली की बोका सेका गावातली माणसं आपापल्या घरातल्या बॅटऱ्या घेऊन मिठाच्या जुन्या कोठाराकडे निघायची. कुणी ढकलगाडीतून, कुणी गाढवावर लादून, कुणी मोटरसायकलवर लहान मूल धरावं तशी पुढ्यात धरून. फान्चो दुकानदाराने आपल्या दोन्ही बॅटऱ्यांना निळी फीत बांधली होती, आणि त्याची बायको त्यांच्यावर छत्री धरून चालत होती. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. पण पश्चात्तापाला निघालेल्या बॅटरीला एवढा मान तर द्यायलाच हवा!

कोठारासमोर निकोबाई, तिकडच्या भाषेत डोन्या निको, मासे तळत उभी असायची. बोका सेकामध्ये तिच्या कढईला आणि तिच्या तोंडाला, दोन्हींना माणसं टरकून असत. ती शाळेत गेली ती जेमतेम नाव लिहिण्यापुरती. पण पाच पोरं वाढवली, दोन वादळांत छप्पर उडालं ते दोनदा चढवलं, आणि नवऱ्याला, म्हणजे डॉन तिबुर्सिओला, चाळीस वर्षं सांभाळलं. हे शेवटचं काम सगळ्यांत जड, असं ती गिऱ्हाइकांना मासे बांधून देता देता सांगायची.

सहाला रोजच्यासारखी लाईट गेली. गावभर एकच हाय उठली, आणि कोठाराची दारं उघडली.

आत लाकडी चौथऱ्यावर चाक होतं. पुरुषभर उंच. सायकलींच्या रिंगा, लोहचुंबकं, तांब्याची तार आणि मधोमध न्हाव्याच्या दुकानातला गोल आरसा. चाकाशेजारी पांढऱ्या सुटात, कमरेला पान्हा खोचून एलियोदोरो उभा होता. तो स्वतःला इंजिनीअर म्हणवायचा आणि प्रेषितही. डोन्या निको त्याला चाकवाला म्हणायची.

"भावांनो, बहिणींनो!" एलियोदोरोने हात वर केले. "तेल काय होतं?"

"संपतं!" लोक ओरडले.

"सूर्य काय होतो?"

"मावळतो!"

"आणि वारा?"

"लहरी!"

"पण हे चाक हवेतली कंपनं पितं! याला तेल नको, ऊन नको, वारा नको! आणि याचं बिल?"

"येत नाही!" ही ओरड सगळ्यांत मोठी होती. मुकी म्हणून ओळखली जाणारी एक म्हातारीसुद्धा यात ओरडली, असं नंतर लोक सांगत.

ढोल वाजला, स्तोत्र सुरू झालं. एलियोदोरोने चाकाला बोट लावलं. चाक फिरायला लागलं, आणि चौकभर बांधलेल्या दिव्यांच्या माळा भकन पेटल्या. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. "आली! लाईट आली!" करत पोरं नाचली. डॉन तिबुर्सिओ पहिल्या रांगेत डोळे पुसत होता. त्याच्या छातीवर 'चाकाचा सेवक' असा बिल्ला होता, आणि तो बिल्ला चमकावा म्हणून त्याने डोन्या निकोचं भांडी घासायचं लिंबू संपवलं होतं.

चाकाला काही नको असलं तरी एलियोदोरोला बॅटऱ्या हव्या असत. त्याचं कारण मोठं खोल होतं. वीजकंपनीच्या तारेतून येणाऱ्या विजेत म्हणे लोकांचे शिव्याशाप मिसळलेले असतात. बिल बघून माणूस शिवी देतो, ती तारेत शिरते आणि घरच्या बॅटरीत जाऊन साठते. म्हणून पंख्याचा वारा गरम लागतो आणि नवरा-बायकोत भांडणं होतात. यावर उपाय म्हणजे बॅटरी शुक्रवारी कोठारात आणायची, चाकाच्या सहवासात दोन रात्री ठेवायची आणि रविवारी पापमुक्त करून घरी न्यायची. मात्र आणताना पूर्ण भरून आणायची.

"भरून कशाला?" पहिल्याच शुक्रवारी डोन्या निकोने विचारलं होतं.

"उपाशी बॅटरीला पश्चात्ताप होत नाही, ताई," एलियोदोरो डोळे मिटून म्हणाला होता.

रविवारी घरी आलेल्या बॅटऱ्यांवर पंख्याचं पातंही हलत नसे. त्याचंही उत्तर होतं. पाप गेलं, बॅटरी रिकामी झाली. फान्चोने तर उचलून बघून शपथेवर सांगितलं, की आधीपेक्षा हलकी लागते.

त्या शुक्रवारी दिवे लागल्यावर शाळेची मास्तरीण ओनोरिना पुढे आली. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी राजधानीहून सरकारी बाई यायची होती. दवाखान्याच्या आणि शाळेच्या छपरावर सौर पॅनेलं बसणार, सोबत मोठ्या बॅटऱ्या येणार. पण गावाने हात वर करून होकार द्यायचा, नाहीतर ती शेजारच्या गावाला जाणार. ओनोरिनाने त्यासाठी वर्षभर खेटे घातले होते.

"इंजिनीअरसाहेब, एकच विचारते," ती म्हणाली. "चाकातून बाहेर वीज येते, तर आत काय जातं?"

"श्रद्धा," एलियोदोरो म्हणाला.

टाळ्या पडल्या.

"मास्तरीणबाई, तुमची पॅनेलं आम्ही पाहिलीत की!" फान्चो म्हणाला. "मागच्या सरकारने दिली ती वर्षात बंद पडली. दुरुस्तीला कुत्रं फिरकलं नाही. आता त्यांच्याखाली माझ्या कोंबड्या अंडी घालतात!"

ते खरंच होतं. पॅनेलं देऊन फोटो काढून माणसं गेली होती. ती कोण धुणार, कोण दुरुस्त करणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

एलियोदोरोने संधी साधली. "सरकारशी भांडण नको. पॅनेलं परत पाठवा, सूर्याला त्रास होतो. पण त्या नव्या बॅटऱ्या ठेवून घ्या. बिचाऱ्या राजधानीतून येतायत, त्यांच्यात पाप किती असेल! त्यांचं मी बघतो."

लोकांना ते फार उदार वाटलं.

डोन्या निको घरी आली, फ्रिज उघडला, आणि आतून कोमट हवा अंगावर आली. घरातली बॅटरी जागेवर नव्हती. फ्रिजमध्ये तिबुर्सिओच्या इन्सुलिनच्या कुप्या होत्या, महिन्याभराच्या. दवाखान्यातला फ्रिज लाईट गेली की बंद, म्हणून त्या घरी ठेवायच्या. घरचा फ्रिज बॅटरीवर चालायचा.

"म्हाताऱ्या!" ती ओरडली. "बॅटरी कुठाय?"

"पश्चात्तापाला," तिबुर्सिओ अपराधी आवाजात म्हणाला. "अगं, चाकाचा सेवक मी. माझीच बॅटरी घरी राहिली तर लोक काय म्हणतील?"

"आणि हे इन्सुलिन? त्याला कोण गार ठेवणार, तुझा बिल्ला?"

"इंजिनीअरसाहेब म्हणाले, चाकाच्या उजेडात बसलं की साखर आपोआप उतरते."

डोन्या निकोने हातातली ताटली खाली ठेवली. ती फेकली नाही, यावरून तिबुर्सिओला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

पण कोठाराला कुलूप होतं. रविवारी बॅटरी परत आली, रिकामी. कुप्यांतल्या औषधाचं पाणी झालं होतं. सोमवारी तिबुर्सिओ घरातच भोवळ येऊन पडला. नर्सने साखर मोजली, ती फार चढली होती. शहरातून नव्या कुप्या आल्या, पण नर्स स्पष्ट म्हणाली, "डोन्या, असंच तापलेलं इन्सुलिन टोचत राहिलात, तर पुढच्या खेपेला मला बोलावू नका, पाद्रीबुवांना बोलवा."

नवऱ्याच्या उशाशी बसून डोन्या निकोने डोकं चालवलं. बॅटरी भरून जाते, रिकामी येते. मधे दिवे लागतात. बटाटे भरून पोतं शेजारणीकडे ठेवलं, रविवारी पोतं रिकामं मिळालं आणि शेजारीण ढेकर देत बसली असेल, तर डोन्या निको काय समजली असती? आणि आणखी एक. मधल्या एका आठवड्यात खांब पडून दोन दिवस लाईटच आली नव्हती. बॅटऱ्या अर्धवट भरलेल्या गेल्या. त्या शुक्रवारी चाकही रडतखडत फिरलं, निम्म्याच माळा लागल्या, आणि चाकवाल्याने श्रद्धा कमी पडली म्हणून गावाला फैलावर घेतलं होतं.

ती तडक ओनोरिनाकडे गेली. "मुली, चाक आपल्याच बॅटऱ्या खातंय."

"मलाही तेच वाटतं," ओनोरिना म्हणाली. "पण मी बोलले तर म्हणतील, पॅनेलवाली जळते."

"बोलायचं नाहीच. त्याला उपाशी ठेवायचं."

एलियोदोरोने त्या आठवड्यात बॅटऱ्या शनिवारी दुपारी मागवल्या होत्या. सरकारी बाईला चमत्कार दाखवायचा होता. बोका सेकामधली कुठलीही बाई पाहुण्यांसमोर केस सरळ वाळवून घेतल्याशिवाय उभी राहत नाही, हे डोन्या निकोला ठाऊक होतं. शनिवारी सकाळी लाईट गेली तशी तिने नव्या कुप्या शहरातून आलेल्या बर्फाच्या डब्यात हलवल्या आणि गावातल्या बायकांना आपल्या अंगणात जमवलं.

"घरोघरी ड्रायर बॅटरीवर लावा," ती म्हणाली. "हवा बंद होईपर्यंत केस वाळवा. तुमचे झाले की पोरींचे. पोरींचे झाले की कुत्र्याचे."

"आणि नवऱ्यांनी विचारलं तर?" न्हावीण यानिरिस म्हणाली.

"सांगा, सरकारी बाई येतेय, गावाची अब्रू आहे. आणि भरलेली बॅटरी नि रिकामी बॅटरी, उचलायला दोन्ही सारख्याच जड. फान्चोला विचारू नका, त्याला हलकी लागेल!"

त्या सकाळी बोका सेकामध्ये एवढे केस वाळले की गल्लीगल्लीत जळका वास सुटला. फान्चोची बायको कोंबडीवर ड्रायर धरून बसलेली पाहिली, असं यानिरिस म्हणते. तिची बोलायची पद्धत जरा वाढीव आहे. दुपारी, लाईट परत यायच्या आतच, पुरुषांनी निळ्या फिती बांधून रिकाम्या बॅटऱ्या मोठ्या भक्तीने कोठारात नेल्या.

सहाला लाईट गेली. चौक बायकांच्या सरळ, चकाकत्या केसांनी भरला होता. सरकारी बाई खुर्चीवर वही घेऊन बसली होती. एलियोदोरोने "बिल?" विचारलं, लोक "येत नाही!" ओरडले, ढोल वाजला, आणि त्याने चाकाला बोट लावलं.

चाक थोडं हललं, कण्हलं आणि थांबलं. माळेतला एक दिवा काजव्यासारखा मिणमिणला आणि विझला.

"श्रद्धा!" एलियोदोरो ओरडला. "मोठ्याने गा!"

लोक गायले. चाक ढिम्म. एलियोदोरो मागच्या दाराने गेला, काहीतरी उचलून आत शिरला, खालून खटपट ऐकू आली. तो घामाघूम होऊन परतला. या वेळी चाकाने अर्धा फेरा मारला आणि उलटं येऊन जागेवर बसलं.

"तुमच्यात कुणीतरी पापी आहे!" त्याचा तोल गेला. "कुणीतरी दगा दिलाय! रिकाम्या बॅटऱ्या आणल्यात तुम्ही! रिकाम्या!"

डोन्या निको कढईजवळून चालत आली, झारा हातात.

"आणल्या," ती म्हणाली. "सगळ्या रिकाम्या. आम्ही केस वाळवले."

"म्हणून चाक फिरत नाहीये, मूर्ख बाई!"

"अस्सं!" डोन्या निको म्हणाली. "चाक तर हवेतली कंपनं पितं ना? मग माझी बॅटरी जेवली की नाही, याच्याशी त्याचा काय संबंध?"

फान्चोच्या तोंडातली सिगार खाली पडली. एलियोदोरो मागच्या दाराकडे सरकू लागला.

ओनोरिना चौथऱ्यावर चढली आणि डोन्या निकोने झारा फळीच्या फटीत घालून ती उचकटली. खाली गावाच्या बॅटऱ्या शिस्तीत रांगेने मांडलेल्या, एकीला दुसरी तारेने जोडलेली, निळ्या फितींसकट. तिथून एक तार मोटरीला, मोटर चाकाला फिरवायची. दुसरी जाड तार थेट माळांना. चाक आणि दिवे यांच्यात एक धागासुद्धा नव्हता.

"चाक नुसतं फिरायला," ओनोरिना म्हणाली. "दिवे तुमच्या घरच्या विजेवर. तिचं बिल तुम्ही कंपनीला आधीच भरलंय."

बिलाचं नाव निघालं तेव्हा मात्र लोक पेटले. एलियोदोरो धावत आपल्या गाडीत जाऊन बसला आणि किल्ली फिरवत राहिला. गाडी हूं की चूं करेना. शेवटच्या घटकेला चाक फिरावं म्हणून त्याने तिचीच बॅटरी काढून फळीखाली जोडली होती. तो काचा वर करून आत तसाच बसला, नाक्यावरचा पोलीस येईपर्यंत, आणि पोरं बाहेरून विचारत राहिली, "इंजिनीअरसाहेब, थोडी श्रद्धा घालू का?"

मग सरकारी बाईने घसा खाकरला. हात वर करायचे होते. फान्चोच्या कोंबड्या अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होत्या, आणि कुणी हात हलवेना.

"पॅनेलं हवीत," डोन्या निको म्हणाली. "पण बाई, नुसती टांगून फोटो काढून जायचं नाही. गावातल्या दोघांना दुरुस्ती शिकवायची. समुद्राचं मीठ चढतं, ते कुणी धुवायचं ते आत्ता इथे ठरवायचं. सुटे भाग कुठून येणार ते सांगायचं. आणि पहिली वीज दवाखान्याच्या फ्रिजला. गाणीबजावणी उरली तर. हे लिहा, मग माझा हात."

सरकारी बाई म्हणाली, "सुटे भाग वेळेवर येतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्यासाठी भांडावं लागेल."

"भांडायला मी आहे," डोन्या निको म्हणाली. खोटं न बोलणारी बाई तिला आवडली.

बाईने लिहिलं. पहिला हात डोन्या निकोचा वर गेला, मग यानिरिसचा, मग सरळ केसांच्या सगळ्या बायकांचे. शेवटी तिबुर्सिओने छातीवरचा बिल्ला काढला आणि हात वर केला.

"निको, तू मला आधी का नाही सांगितलंस?" तो पुटपुटला.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

तिबुर्सिओने खरं उत्तर दिलं. "नाही."

"म्हणून दाखवलं."

घरातली वीज आपोआप हवेतून येत नाही. तेलातून येते, पाण्यातून येते, उन्हातून येते, वाऱ्यातून येते. आणि प्रत्येकीची काही ना काही किंमत असते, काही ना काही राबणूक असते. पॅनेल धुवावं लागतं. बॅटरी म्हातारी होते, बदलावी लागते. सरकारच्या मागे लागावं लागतं. जो म्हणतो की माझ्या यंत्राला काहीच लागत नाही, तो ते कुणाच्या तरी घरातून काढत असतो, बहुतेक तुमच्याच. तेव्हा दिवे लागले की टाळ्या खुशाल वाजवा, पण आत काय जातं ते आधी विचारा. उत्तर देणारा डोळे मिटून बोलायला लागला, तर सरळ फळी उचकटा आणि खाली बघा.