काचेवरचा टवका

मी एक जुनी काच आहे. सध्या माझा मुक्काम टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, पत्र्याच्या बादलीत आहे, आणि मी आता अखंड नाही. मित्रांनो, जवळ या, पण बादलीत हात घालू नका.

माझा जन्म कारखान्यातल्या भट्टीत झाला. तिथे लाड वगैरे नव्हते. आमच्यातल्या काहीजणींवर मुद्दाम लोखंडी गोळे टाकत आणि बाकीच्यांना मार सोसणाऱ्या म्हणून पास करत. मग मला टीव्हीच्या एका पिक्चर ट्यूबच्या तोंडावर गोंदाने कायमचे चिकटवले. ट्यूबच्या पोटात काहीच नसते, हवासुद्धा नाही. बाहेरची हवा तिला चारी बाजूंनी दाबत असते. ती फुटली की आधी आत कोसळते आणि मग तिच्या काचा खोलीभर उडतात. त्या कुणाच्या तोंडावर येऊ नयेत आणि कुणाचा मार तिच्यापर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी मी.

आम्ही ज्या घरात गेलो, तिथे नवरा-बायको आणि त्यांची छोटी लेक राहत. शेजारी त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. काकांचा राग कायम नाकावर. एका संध्याकाळी काकू माझ्यासमोर बसून लेकीची वेणी घालत होत्या. काका दारात येऊन ओरडले, "कितीदा हाक मारायची? बहिरी झालीस का?" आणि हाताला लागला तो लोखंडी बत्ता त्यांनी भिरकावला. काकूंनी लेकीला पोटाशी धरून डोके खाली घातले. बत्ता माझ्यावर आदळला. कडेचा टवका उडाला, पण मी जागची हलले नाही.

त्यानंतर माझे कौतुक सुरू झाले. "फळीवरून बत्ता पडला, तरी काच शाबूत! याला म्हणतात माल," असे काका येईल त्याला सांगत. पाहुणे तोंडात बोटे घालत, माझ्यावर टिचकी मारून बघत. काकू चहा ठेवून आत निघून जात. मला ती वाहवा झोंबायची. इतक्या जणांनी त्या टवक्यावरून बोट फिरवले, पण बत्ता कुणासाठी निघाला होता, हे एकानेही विचारले नाही.

टवक्यातून ओल शिरली आणि गोंद सडला. आधी पांढरे ठिपके आले, मग चट्टे. दुरुस्तीवाले याला मोतीबिंदू म्हणतात. नासला गोंद आणि बोल लागला मला. आमची रवानगी माळ्यावर झाली. लेक लग्न होऊन गेली. काकांचे केस पिकले, हात मात्र अजून तसाच सुटायचा. मग एकदा त्यांना जुना टीव्ही पुन्हा लावायची हौस आली आणि दोघे आम्हाला घेऊन या दुकानात आले.

मेकॅनिकने ट्यूब बाहेर काढून जाड गोधडीवर, माझी बाजू वर करून, उताणी ठेवली. सगळ्यांना गॉगल घालायला लावले.

"काच काढायच्या आधी एक सांगा. मार कसा लागला? तडा आतपर्यंत गेला असेल, तर ही माझ्या तोंडावर फुटेल."

"फळीवरून बत्ता पडला," काका म्हणाले.

"पडलेला बत्ता वरून खाली घासत येतो. हा समोरून आलाय, चांगला जोरात. फेकणारा कुठे उभा होता?"

काका खोकले. काकू म्हणाल्या, "दारात. मी टीव्हीसमोर बसले होते. पोर मांडीवर होती."

"जुनं काय उकरून काढतेस!"

मेकॅनिकने टेबलाचा खण उघडला. त्याने दोन टोकांना लाकडी मुठी असलेली बारीक पोलादी तार काढली. "दुसरं टोक कोण धरणार?" काकांनी तोंड फिरवले. काकूंनी हातमोजे चढवले.

गरम हवेचा झोत माझ्या अंगावर फिरू लागला. गोंद मऊ पडला, त्याला कुबट वास सुटला. मग तार माझ्या आणि ट्यूबच्या मध्ये शिरली. इकडून मेकॅनिक ओढी, तिकडून काकू. मित्रांनो, जिच्या अंगाला अंग लावून आयुष्य काढले, तिच्यापासून मला कापून काढत होते. मी जीव खाऊन चिकटून राहिले. टवक्यापाशी तार अडली आणि ट्यूबमधून 'कट्' असा आवाज आला.

मेकॅनिकचा चेहरा पांढरा पडला. "सोडू नका, काकू. सावकाश."

काकू घामाने निथळत होत्या. त्या दात आवळून ओढत होत्या आणि प्रत्येक ओढीला एकेक शब्द बोलत होत्या. "बत्ता." तार सरकली. "पाण्याचा जग." तार सरकली. "घड्याळ. गरम इस्त्री."

"गप्प बस!" काका उठून उभे राहिले.

तेवढ्यात मी सुटले. मेकॅनिकने मला काकूंच्या हातात दिले आणि स्वतः ट्यूबला दोन्ही हातांनी आधार दिला. काकांनी टेबलावरची हातोडी उचलली.

"काका, ट्यूब उघडी आहे! फुटली तर सगळ्यांचे डोळे जातील!" मेकॅनिक ओरडला आणि ट्यूबवर ओणवा झाला.

काकांनी हातोडी फेकलीच. या वेळी काकूंनी डोके खाली घातले नाही. त्यांनी मला समोर धरले. माझ्या पाठीला आता ना गोंद होता, ना ट्यूब. माझ्या ठिकऱ्या उडाल्या आणि हातोडी काकूंच्या पायाशी पडली.

काकूंच्या हनुवटीतून रक्त येत होते. त्यांनी गॉगल काढून नीट टेबलावर ठेवला. "अहो, इतकी वर्षं काच मध्ये होती, म्हणून तुम्हाला वाटलं मला लागत नाही. लागत होतं." पदराने हनुवटी दाबून त्या पायरी उतरल्या. "मी लेकीकडे चाललेय. मागे येऊ नका."

काका मागे निघाले, पण मेकॅनिक हातोडी उचलून दारात उभा राहिला. काकू दिसेनाशा होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

ट्यूब वाचली. तिच्यावर नवी काच बसली आहे आणि चित्र स्वच्छ दिसते म्हणतात. मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. कुणाच्या घरी काचेला टवका किंवा दाराला पोचा दिसला, तर 'काय मजबूत आहे' म्हणून टिचकी मारू नका. समोर कोण बसले होते, ते विचारा.