परीक्षकबाई आणि नवी केबल

माझ्या वडिलांना दुकानातली तयार केबल चालत नाही. टेपडेकपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी हातभर वायर, पण ती त्यांनी स्वतः बनवलेली हवी. वरचं रबर सोलायचं, आतली तांब्याची जाळी उलगडून पिळायची, जाळीच्या पोटातली प्लास्टिक चढवलेली बारीक तार जपून वेगळी काढायची, दोन्ही टोकांना पिना सोल्डर करायच्या. मग ती जोडून तेच जुनं गाणं पुन्हा ऐकायचं. आई म्हणते, यांना गाणं ऐकायचं नसतंच, यांना वायर ऐकायची असते.

पण बाबांच्या कानाला घरात मान आहे. मिक्सर बिघडणार हे त्यांना त्याच्या घरघरीवरून आधीच कळतं. त्यामुळे माझी मुलगी व्यवस्थित ऐकते, असं त्यांनी सांगितल्यावर विषय मिटला. सगळ्यांचा मिटला, माझा नाही.

दीड वर्षाची आहे ती. हाक मारली तर कधी वळते, कधी नाही. परवा माझ्या हातून पातेलं फरशीवर पडलं, खिडकीतलं मांजर उडालं, आणि ही पाठमोरी बसून ठोकळे रचत राहिली. मी दाराआडून किल्ल्या वाजवून बघायचे. नवऱ्याने एकदा मला तसं करताना पाहिलं आणि किल्ल्या माझ्या हातातून काढून घेतल्या. आईचं एकच पालुपद, मन चिंती ते वैरी न चिंती. एवढं शिकवलं ते शंका काढायलाच का, हेही ओघाने आलंच. शेवटी मी कोणाला न विचारता कानाच्या दवाखान्यात तपासणीची वेळ घेतली. बाबा दुखावले.

"अगं, तालात टाळ्या वाजवणारी पोर ती. तिला कानाच्या डॉक्टरकडे नेतेस? हसतील तुला."

टाळ्यांचं मात्र खरं होतं. बाबांनी नातीचं नावच परीक्षकबाई ठेवलं होतं. प्रत्येक नव्या केबलची चाचणी तिच्यासमोर व्हायची. डेकपुढे सतरंजी, सतरंजीवर बाई. गाणं सुरू झालं की डोलायला लागायची, टाळ्या अगदी ठेक्यात, कडवं संपलं की हात थांबलेच. मी हे स्वतः पाहिलं होतं. पाहिलं की छातीवरचा दगड उतरायचा आणि दोन दिवसांनी परत येऊन बसायचा.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन माहेरी गेले. बाबा टेबलावर वाकून बसले होते. या वेळची वायर नवीन होती, जाड जाळीची. एवढं तांबं लवकर तापत नाही, त्यामुळे सोल्डर धरत नव्हतं, आणि बाबांना तर जोडावरचा सोल्डरचा डाग आरशासारखा चमकायला हवा. ते सोल्डरिंग आयर्न टेकवून धरूनच ठेवत होते. मला प्लास्टिक वितळल्यासारखा वास आला. तसं म्हटलंही.

"तुला सगळीकडे जळाल्याचाच वास येतो," ते म्हणाले. "उद्या त्या मशीनवाल्यांना काय सांगायचं ते सांगू दे. आज आमच्या बाई निकाल देतील."

एरवी ते जोडण्याआधी केबल मीटरवर तपासतात. एक सुई मधल्या तारेला, एक जाळीला. आत दोन्ही एकमेकींना चिकटल्या असतील तर मीटर पीं करतो, म्हणजे केबल गेली. पण त्या दिवशी परीक्षकबाई सतरंजीवरून सटकायच्या बेतात होत्या, म्हणून त्यांनी ते राहू दिलं. पिना खोचल्या, डेकचं बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही.

बाबांनी आवाज वाढवला. स्पीकरच्या जाळीला कान लावला. मीही अ‍ॅम्प्लिफायरकडेच बघत होते. आणि त्या शांततेत मागून टाळी आली. मग दुसरी. ठेक्यात.

डेकच्या पुढच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या आहेत, आत पिवळा दिवा, आणि गाण्याबरोबर उडणारे दोन काटे. इतकी वर्षं ते आमच्या घरात उडतायत, आमचं कधी लक्षच नाही गेलं. गाणं डेकमध्ये चालू होतं. पुढे केबलमध्ये मरत होतं. खोलीत त्याचा कणही नव्हता. माझी मुलगी काट्यांवर नजर लावून डोलत होती, टाळ्या वाजवत होती. काटे पडले, तशी थांबली. काटे उठले, पुन्हा सुरू झाली.

"अहो, लावताय ना गाणं?" आईने आतून विचारलं. "कधीची वाट बघतेय मी."



बाबांनी केबल काढली. मीटर घेऊन नातीच्या मागे सतरंजीवर बसले. का बसले, मला कळलं. त्यांनी दोन्ही सुया टेकवल्या आणि मीटर किंचाळला. पीं. तिच्या कानामागे वीतभर अंतरावर. बाबांनी सुया उचलल्या नाहीत. तो आवाज माझ्या दातांत शिरला, आई हात पुसत दारात आली. मुलगी काट्यांकडे बघून हसली.

बऱ्याच वेळाने बाबांनी सुया खाली ठेवल्या. केबलचं वितळलेलं टोक ते अंगठ्याने चाचपत राहिले.

"उद्या किती वाजता जायचंय?"

"सकाळी लवकर."

"मी येतो. मी तिच्या पुढ्यात बसेन. दिसेन असा."

मी हो म्हटलं. मग उठून डेक बंद करायला हात पुढे केला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तिचं अजून चाललंय."