सहावा खंड दाबात आहे

मेहुण्याला दोन वेळा व्हिसा नाकारला गेला होता, त्यामुळे व्हिसा या विषयात घरात त्याचा शब्द शेवटचा होता. ज्याला पहिल्या फटक्यात मिळतो त्याला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. तो शिक्का घेतो आणि विमानात बसतो. नकारामागचं शास्त्र शिकायचं तर नकारच मिळावा लागतो.

"भावोजी, नीट ऐका," जेवणाच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून तो म्हणाला. "त्यांना एकच गोष्ट बघायची असते. तुम्ही परत येणार की नाही."

"अरे, पण मी नोकरीच्या मुलाखतीला चाललोय."

"तेच तर! दुसऱ्या नोकरीसाठी निघालेल्या माणसाने आपला या नोकरीवर किती जीव आहे ते दाखवायचं. पुराव्यानिशी. पुरावे जितके जाड, तितका जीव खरा."

भावोजींनी मान हलवली. ते एका कॉलेजच्या ग्रंथालयात बाइंडर होते. तळघरातली एक खोली, एक लोखंडी दाबयंत्र, खळीचं भांडं आणि सव्वीस वर्षं. पुस्तक शिवताना ते वाचायचं नाही, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. वाचायला लागलं की टाके वाकडे पडतात. त्यामुळे हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि त्यातल्या एकाचाही त्यांच्यावर परिणाम झालेला नव्हता.

पण गेल्या सहा वर्षांत ग्रंथालयात पुस्तकं पडद्यावर यायला लागली, आणि पडदा शिवता येत नाही. बाइंडरच्या वाट्याला हजेरीपटांचे गठ्ठे, जुन्या प्रश्नपत्रिका आणि नऊ खंडांचा एक जराजर्जर शब्दकोश, एवढंच उरलं. शब्दकोशाचे पाच खंड झाले होते. सहावा ते पुरवून पुरवून शिवत होते, ताटातला आवडीचा घास शेवटी ठेवावा तसा.

अशात परदेशातल्या एका संग्रहालयाचं पत्र आलं. लेकीने बाबांच्या कामाचे फोटो त्यांना न सांगता तिकडे पाठवले होते. जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीला माणूस हवा होता. नेमणूक दोन वर्षांची, मुलाखत अठरा तारखेला, आणि मुलाखतीत तोंडापेक्षा हातालाच जास्त काम: चारशे वर्षांपूर्वीचं एक उसवलेलं पुस्तक त्यांच्यासमोर शिवून दाखवायचं.

बाइंडर दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन कामावर गेले. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वीचा दोरा कसा असेल गं?"

बायको शाळेत हेडक्लार्क होती. लोकांच्या अर्जातून त्यांना खरं काय हवंय ते शोधण्यात तिचा जन्म गेला होता. "अगं, लॅपटॉप आण," तिने लेकीला सांगितलं. "तुझ्या बाबांना जायचंय."

व्हिसा केंद्रातली भेटीची वेळ मिळाली तीन तारखेची, सकाळी साडेअकराची. त्यानंतरची मोकळी वेळ थेट दोन महिन्यांनी होती. म्हणजे तीन तारीख हुकली की अठरा तारीख गेली, आणि त्या चारशे वर्षांच्या दोऱ्याला दुसराच कोणीतरी हात लावणार.

सगळ्यात अवघड कागद होता नोकरीच्या ठिकाणचं पत्र. बाइंडर तळघरातून तीन जिने चढून ग्रंथपालबाईंकडे गेले. बाई निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांना हसताना पाहिल्याचा दावा आजवर कोणी केलेला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला दुसरीकडे नोकरी हवी आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि त्यासाठी तुम्ही ही नोकरी सोडणार नाही, असं मी लिहून द्यायचं."

"दहा दिवसांत परत येणार, एवढंच लिहा बाई. ते खरंच आहे. मुलाखत तर आहे नुसती."

"परत येणार कशावरून?"

बाइंडरने विचार केला. "सहावा खंड दाबात ठेवून जाणार आहे. वेळेवर काढला नाही तर पुठ्ठा वाकतो. आणि ते यंत्र माझ्याशिवाय कोणाच्या हाताने उघडत नाही, त्याचा आटा गेलाय."

बाईंनी चष्मा पुसला, कागद ओढला आणि जसंच्या तसं तेच लिहिलं. खाली सही, शिक्का, आणि तारीख.

सगळे मिळून चौसष्ट कागद झाले. लेकीने ते छापून आणले, बायकोने क्रमाने लावले. प्रश्न उरला तो ते न्यायचे कसे.

"माझं कशामुळे गेलं माहितीये?" मेहुणा म्हणाला. "दुसऱ्या वेळी खिडकीपाशी माझ्या फाइलचा चाप तुटला. सगळे कागद जमिनीवर! मी रांगत गोळा करतोय आणि तो वरून बघतोय. तिथेच त्याने ठरवलं, या माणसाला काही आवरत नाही. भावोजी, एकही कागद हलता कामा नये."

हे एका बाइंडरला सांगणं म्हणजे आचाऱ्याला मीठ घाला म्हणून सांगण्यासारखं होतं. पुढचे तीन दिवस बाइंडर घरी आले ते फक्त झोपायला. मूळ कागदाला भोक पाडायचं नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक कागदाच्या कडेला पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवली आणि त्या पट्ट्यांमधून दोरा घातला. वर गडद हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं, कण्यावर सोनेरी रेघ. आपण बांधलेलं उद्या दुसऱ्या कोणाला इजा न करता सोडवता आलं पाहिजे, हा त्यांचा दुसरा नियम. तो इथे लागू पडेल असं मात्र त्यांच्या मनात नव्हतं.

"अहो, सुंदर झालंय," बायको म्हणाली. "पण त्यांना असं चालतं का?"

"चालतं काय विचारतेस ताई?" मेहुणा म्हणाला. "अधिकारी उभा राहील!"

तीन तारखेला तिघं केंद्रावर पोचले. लेकीची परीक्षा होती, आणि नकारांचा अनुभव लक्षात घेता मामाने जावं असं ठरलं होतं. दारावरच्या पहारेकऱ्याने बाइंडरचे खिसे तपासले. इतरांच्या खिशात कंगवा असतो तसा त्यांच्या खिशात छोटा चाकू असायचा. पहारेकऱ्याने तो काढून घेतला, पावती दिली आणि नोंदवहीत नोंद केली. नोंदवहीची निम्मी पानं सुटलेली होती आणि वरून रबर लावलेलं होतं. बाइंडरने नजर दुसरीकडे वळवली.

खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. तिने हिरवा ग्रंथ हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हे काय आहे?"

"कागदपत्रं."

"काका, हे पुस्तक आहे."

"चौसष्ट पानी," बाइंडर नम्रपणे म्हणाले.

"आम्हाला सुटे कागद लागतात. पिन नाही, टाचणी नाही, भोक नाही. एकेक कागद स्कॅनरमधून जातो." तिने ग्रंथ शेवटच्या पानावर उघडला आणि काचेला टेकवून धरला. "हे बघा ना. सूचना क्रमांक चार. कागद सुटे आणावेत. तुम्ही ही सूचनासुद्धा शिवून आणलीय!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पानाकडे पाहिलं. पट्टी अगदी सरळ बसली होती.

"शिवताना मी वाचत नाही," ते म्हणाले.

मुलीला हसू आवरत नव्हतं, पण घड्याळ तिच्यापुढेच होतं. "साडेबाराला खिडकी बंद होते. तोवर सुटे करून आणलेत तर घेते. चाळीस मिनिटं आहेत."

बाहेर, पार्किंगपाशी, एक सिमेंटचा बाक होता. मेहुण्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. "फाडा भावोजी! सरळ टरकावून काढा. कडा गेल्या तर गेल्या!"

"फाडायचं नसतं," बाइंडर म्हणाले आणि पावती घेऊन दाराकडे गेले. "माझा चाकू द्या."

"आत न्यायचा नाही," पहारेकरी म्हणाला.

"बाहेरच हवाय."

चाकू मिळाला. कापडाच्या आतून पातं फिरलं, कण्यातला दोरा पाच ठिकाणी कापला गेला आणि तीन दिवसांचं काम मिनिटभरात पुठ्ठ्यातून मोकळं झालं. बायकोने विचारलं नाही की आता काय करायचं. तिने बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं आणि तो पुढे केला.

"पट्टीवरच. कागदावर नाही," बाइंडर म्हणाले. "तू ओली करत पुढे जा, मी मागून काढतो."

बायको पट्ट्या भिजवत गेली. खळ मऊ पडली की बाइंडर बोटाच्या चिमटीने पट्टी उचलत आणि ती कागदाची चुणीही न पाडता निघून येई. निघालेला कागद मेहुण्याकडे. मेहुण्याचं काम कागद उन्हात धरणं आणि ते पडू न देणं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यावर त्याला झेपेल अशी जबाबदारी आली होती.

"सतरा," मेहुणा म्हणाला. "भावोजी, हा तर तुमच्या लग्नाचा दाखला. यात ताई किती बारीक दिसतेय!"

"तू तोंड मिटून वाळव," ताई म्हणाली.

पहारेकरी आधी दारातून बघत होता, मग दोन पावलं पुढे आला, मग बाकापाशीच येऊन उभा राहिला. "एकतीस झाले. बारा वाजून नऊ," त्याने परस्पर जाहीर केलं. रांगेतले लोक माना लांब करून पाहू लागले. एका आजीबाईंनी हातपंखा काढला आणि मेहुण्याच्या हातातल्या कागदांवर वारा घालू लागल्या.

चौसष्टावा कागद, सूचनांचाच, बारा सव्वीसला सुटला. बायकोने गठ्ठा टेबलावर आपटावा तसा मांडीवर आपटून सरळ केला.

"चाकू!" पहारेकरी ओरडला. बाइंडरने तो त्याच्या हातात ठेवला आणि ते पळाले. सव्वीस वर्षांत त्यांना पळताना कोणी पाहिलं नव्हतं.

मुलीने कागद एकेक करून यंत्रात सोडले. चौसष्टच्या चौसष्ट सुळकन गेले. तिने एकाची कड बोटाने चाचपून पाहिली. "खूणसुद्धा नाही हो काका! आता तिकडे चार नंबरला जा. साहेब दोन प्रश्न विचारतील."

मेहुण्याने या प्रश्नांची तयारी आठवडाभर करून घेतली होती. उत्तर पाठ होतं: घर, कुटुंब, म्हातारपणाची सोय. चार नंबरच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने कागद चाळले. तो उभा वगैरे राहिला नाही.

"मुलाखतीला चाललात. तिकडेच राहिलात तर?"

बाइंडरची बोटं अजून ओली होती आणि पाठ केलेलं उत्तर पळण्यात कुठेतरी सांडलं होतं. "सहावा खंड दाबात आहे," ते म्हणाले.

"काय?"

"शब्दकोशाचा. म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी ठेवणार. दहा दिवस दाबात राहिला तर उत्तम बसतो. त्यापुढे पुठ्ठा वाकायला लागतो. म्हणून सव्वीस तारखेचं परतीचं तिकीट काढणार आहे."

अधिकाऱ्याने कागद मागेपुढे केले, एक पत्र वर काढलं आणि ओठ हलवत वाचलं. मग बाइंडरकडे पाहिलं, मग पुन्हा पत्राकडे.

"आणि ते यंत्र तुमच्याशिवाय उघडत नाही."

"आटा गेलाय."

"दुरुस्त का करत नाही?"

"अर्ज दिलाय. अकरा वर्षं झाली."

अधिकारी स्वतः सरकारी माणूस होता. त्या एका वाक्यानंतर त्याला आणखी कुठल्याही पुराव्याची गरज उरली नाही. "या तुम्ही," तो म्हणाला.

पासपोर्ट चौदा तारखेला केंद्रावर मिळाला. दारातच बाइंडरने तो उघडला, आणि ते बघतच राहिले. व्हिसा होता. पण वरच्या कोपऱ्यात वाकडा चिकटवलेला होता, आणि मधोमध हवेचा एक फुगा. त्यांचं बोट आपोआप जिभेकडे गेलं.

"अहो!" बायकोने पासपोर्ट हिसकावून पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "हात लावाल तर बघा. विमानात बसेपर्यंत हा माझ्याकडे."

"थोडासाच सरळ..."

"वाकडाच छान आहे."

मेहुणा मागे हिरवे पुठ्ठे काखेत घेऊन उभा होता. रिकामे पुठ्ठे त्याने भावोजींकडून मागून घेतले होते. "भावोजी, तुम्ही परत आलात की माझे कागद यात घालून द्या. तिसऱ्यांदा करतोय अर्ज. नुसते घालून. शिवू नका."

बाइंडर मात्र पहारेकऱ्याच्या टेबलाशी थांबले होते. त्यांनी खिशातून सुई-दोरा काढला, रबर काढून टाकलं आणि नोंदवहीची सुटी पानं उभ्या उभ्या टाचून दिली. पहारेकऱ्याने सुईची मात्र कुठेही नोंद केली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सहावा खंड दाबात ठेवला, यंत्राचा दांडा शेवटपर्यंत पिळला आणि ग्रंथपालबाईंना सांगायला वर गेले.

"तिकडे निवड झाली तर?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"तरी सव्वीसला येतोच. सहावा काढतो. मग ते काय बोलावतील तेव्हा जातो."

"बरं."

ते खाली आले तेव्हा तळघरातल्या टेबलावर सातवा, आठवा आणि नववा खंड आणून ठेवलेले होते. वर एक चिठ्ठी होती, बाईंच्या अक्षरात: "निवड झाली तरी चालेल. हे कधी पुरे करायचे, ते तुम्हीच ठरवा."

शिवताना वाचायचं नाही, असा नियम असलेल्या त्या माणसाने ती चिठ्ठी दोनदा वाचली, आणि सातव्या खंडाच्या पुठ्ठ्यामागे नीट खोचून ठेवली.