सरांनी दिलेले साडेनऊ गुण

समुपदेशन शिकवणाऱ्या त्या विभागात चपला बाहेर काढायची सक्ती नव्हती; देव मात्र बाहेर काढून ठेवावा लागे. मोठ्या सरांचा दंडकच होता, "पेशंटनं देवाचं काढलं की विषय बदला. आपण मनाचं बघतो, पाप-पुण्याचं नाही." फॉर्मात सत्तावीस प्रश्न. झोप, भूक, व्यसन, सासूशी पटतं का, पोट साफ होतं का. श्रद्धेबद्दल एकही नाही.

वर्गात पहिली येणारी, जिला सगळे 'अव्वलबाई' म्हणत, तिला तो फॉर्म तोंडपाठ होता.

त्या मंगळवारी तिच्यासमोर शिवणकाम करणारी एक विधवा बसली. नवरा जाऊन पाच महिने झालेले. धाकटी जाऊ सोबतीला, बाहेर बाकावर. काचेपलीकडे तिची परीक्षा घेणारे सर, हातात गुणपत्रिका.

"ताई," सुईनं टोचलेली बोटं चोळत बाई म्हणाली, "घरात सगळे संध्याकाळी प्रार्थनेला बसतात. मला बसू देत नाहीत. सासूबाई म्हणतात, नवरा गिळलेलीचा आवाज देवाला चालत नाही. लहानपणापासून म्हणत आलेय हो मी. खरंच चालत नसेल का?"

ऐकताना मान हलवायची, हा तिथला पहिला धडा. अव्वलबाईनं ती हलवली. उत्तर ओठांवर आलं होतं. पण नजर काचेकडे गेली, आणि ते आल्या पावली परतलं.

"झोप कशी लागते?" तिनं विचारलं.

"लागते की," बाई अदबीनं म्हणाली.

दहापैकी साडेनऊ मिळाले. अर्धा काचेकडे बघितल्याबद्दल कापला. "काय सफाईनं वळवलंस!" सर खूश.

पुढच्या मंगळवारी जाऊ एकटीच आली. "जाऊबाई यायच्या नाहीत. बोलणंच टाकलंय त्यांनी, पोटच्या पोरीशीसुद्धा. शेवटचं मला म्हणाल्या, सासूबाईंचं मी मनावर घेत नव्हते गं. पण एवढी शिकलेली मुलगी, तिनंही मान डोलावली."

अव्वलबाई धावत सरांकडे गेली.

"घरी जाणं नियमात बसत नाही," सर म्हणाले. "आणि जाऊन बोलणार काय?"

"तुम्ही सांगा ना, सर."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता. "मला कुणी शिकवलंच नाही गं. बत्तीस वर्षं मी विषयच बदलत आलोय."

तरी अव्वलबाई त्या घरी गेली. दारात सासूबाई. "काय समजवायचं ते झटपट समजवा. प्रार्थनेची वेळ झालीय."

बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कापडाला टाचण्या लावत होती. अव्वलबाई तिच्यासमोर बसली. "त्या दिवशी मी 'हो' म्हटलं नव्हतं हो. मान हलवायची आम्हाला सवय लावतात. तुम्ही विचारलंत, आणि मी भ्याले. तुमच्या आवाजात काही खोट नाही. ऐकताय ना?"

बाईनं एक टाचणी लावली. मग दुसरी.

बाहेरच्या खोलीत प्रार्थना सुरू झाली. मोठ्यांच्या आवाजांत लेकीचा आवाज बारीक, एक ओळ मागे पडणारा. चुकलेली ओळ सावरून द्यावी तसे बाईचे ओठ हलले. दुसऱ्याच क्षणी तिनं तोंडावर हात दाबला, उठली, आणि कुणी न सांगता स्वयंपाकघराचं दार स्वतःच आतून लावून घेतलं.