आडवी फांदी

धाकटीचा हिशेब सरळ होता. वडिलांच्या घरातला आपला वाटा तिने दादाला हसत सोडला आणि अंगणातल्या अरोकेरियाची, म्हणजे त्या उंच, सरळ ख्रिसमस ट्रीची हातभर फांदी तेवढी उचलली. फांदी रुजली की बाबांनी लावलेलं झाड आपल्याही दारात उभं राहणार. घर काय, कुणालाही मिळतं!

फांदी रुजली, पण पाच वर्षं झाली तरी उभी राहीना. काठीला बांधली, कुंडी फिरवली, उन्हात सरकवली. ती आपली मुक्कामी पाहुण्यासारखी आडवी ती आडवीच. शेजारीण म्हणाली, "हा जमिनीवर पसरणारा ज्युनिपर असणार. फसलीस."

शेवटी नर्सरीवाल्या मावशींना घरी आणलं. त्यांनी सुयांसारखी मऊ पानं बोटांत फिरवली, कुंडीभोवती चक्कर मारली.

"अरोकेरियाच आहे. पण हे झाड नाही गं, फांदी आहे."

"फांदीचंच झाड होतं ना, मावशी?"

"गुलाबाचं होतं. ही जन्मभर फांदीच राहणार. सरळ झाड हवं तर शेंडा लावायला हवा."

"आणि शेंडा कापल्यावर मूळ झाडाचं काय?"

"ते ज्याच्या दारात आहे त्याला विचार."

विचारायला तिला आठ दिवस लागले. फोनवर दादा म्हणाला, "शेंडा नको, हवी तर आणखी एक फांदी ने." मागून वहिनीच त्याला बोलली, "अख्खं घर घेतलंत, आता शेंड्यासाठी घासाघीस करताय?"

रविवारी दादा गच्चीच्या कठड्यावरून वाकला. करवत दोन मिनिटं चालली. शेंडा ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने धाकटीच्या हातात दिला.

"बाबा असते तर दोघांचे कान उपटले असते."

"माझा आधी," ती म्हणाली.

शेंडा रुजला. दीड वर्षात सरळ वर गेला, चहूबाजूंनी सारख्या फांद्यांचा मजला धरला. धाकटी रोज चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची. झाड देखणं होतं. पण बाबांना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मग ती दादाकडे गेली. तिथे कापल्या जागेखालून दोन नवे शेंडे फुटले होते, आणि दादा कुठल्या शेंड्याकडे बघावं या पेचात खाली उभा होता.

धाकटीला सरळ झाड मिळालं, दादाला दुभंगलेलं. बाबा मान वर करून बघायचे ते झाड मात्र दोघांच्याही हातून गेलं.