कॉस्टिक सोड्याच्या बाटलीचं बूच

मी काचेचं बूच बोलतोय. दचकलात ना? साहजिक आहे. जन्मभर दुसऱ्याचं तोंड बंद ठेवायचं काम केलेल्यानं एकदम स्वतःचं तोंड उघडलं की माणूस दचकणारच. पण आता माझ्याकडे वेळच वेळ आहे. गेली चार वर्षं मी एका बाटलीच्या गळ्यात असा रुतून बसलोय की मला बाहेर पडता येत नाही आणि तिला मला सोडता येत नाही. माणसांत याला सुखी संसार म्हणतात, असं ऐकून आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून मला ओतलं. मग एका कारागिरानं मला माझ्या बाटलीच्या तोंडात घातलं, मध्ये बारीक पूड टाकली आणि गरागरा फिरवलं. घासून घासून आमच्या कडा अशा जुळल्या की मधून हवासुद्धा जाऊ नये. लग्न जमवायची ही पद्धत जरा खरखरीत आहे, पण टिकाऊ.

तिथून आम्ही दोघं एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. डागाळलेली लांब टेबलं, थेंब थेंब गळणारा नळ आणि खिडकीशेजारी बाटल्यांची मांडणी. पहिली दोन वर्षं आमच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. आम्लाचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरतात, पण माझा अनुभव विचाराल तर गडी तापट असला तरी घरात सरळ होता. निळा लिटमस दिसला की त्याला तांबडं करायचं, जस्ताचा तुकडा पडला की फसफसून हायड्रोजन सोडायचा आणि लॅबमावशीच्या ॲप्रनला भोकं पाडायची, एवढेच त्याचे उद्योग. काचेला त्यानं कधी बोट लावलं नाही. दिवसातून वीस वेळा मला काढायचे, वीस वेळा बसवायचे, पण कधी कुरकुर झाली नाही.

लॅबमावशी म्हणजे या खोलीची खरी मालकीण. बाटल्या धुणं, द्रावणं करणं, फुटलेल्या काचा वेचणं आणि सरांचा चष्मा शोधून देणं ही तिची कामं. सात वर्षं ती हे सगळं हंगामी म्हणून करत होती. कायम केल्याची ऑर्डर 'येतेच आहे' असं तिला दर वर्षी सांगत. घरी दोन मुली आणि कामावर पाय मोडल्यानं घरी बसलेला नवरा, त्यामुळे तीही दर वर्षी विश्वास ठेवायची. न ठेवून करणार काय!

रसायनचे सर भले गृहस्थ. त्यांना सगळं येत होतं आणि ते सगळं ते फळ्याला सांगायचे. वर्गाकडे पाठ आणि आवाज खाली. मुख्याध्यापकांसमोर तर 'हो सर' याच्या पलीकडे त्यांच्या तोंडून काही निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मुख्याध्यापकांना मुलं आपसात 'चकाचक' म्हणायची. फरशी चकाचक, नळ चकाचक, बूट चकाचक, निकाल तेवढा बेताचा. एक दिवस ते प्रयोगशाळेत आले आणि मांडणीपुढे थबकले. सगळ्या बाटल्यांना आमच्यासारखी काचेची झगमगीत बुचं आणि एकाच बाटलीला काळं, कळकट रबरी.

"हे काय मोरीचं झाकण लावलंय?"

"मोठे सर, ती कॉस्टिक सोड्याची आहे," मावशी म्हणाली. "तिला रबरीच लागतं. काचेचं बसवलं तर मग निघता निघत नाही."

"कुठं लिहिलंय तसं?"

"लिहिलंय कुठं ते मला नाही माहीत. निघत नाही एवढं माहीत आहे."

चकाचक सरांकडे वळले. "का हो, असं काही असतं का?"

सरांनी फरशीकडे पाहिलं, मग बोटांवरच्या खडूच्या भुकटीकडे पाहिलं. त्यांना उत्तर येत होतं. त्याच आठवड्यात त्यांनी ते फळ्याला सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. "बघतो, सर," ते म्हणाले. 'हो सर'च्या खालोखाल त्यांचं हे आवडतं वाक्य.

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला. दीड महिन्यावर प्रात्यक्षिक परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक येणार आहेत, तरी सर्व बाटल्यांना एकसारखी काचेची बुचं असावीत आणि रबर कुठेही दिसता कामा नये. कॉस्टिक सोड्यासाठी निवड झाली आमची.

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइड, आम्लारींच्या घराण्यातला दांडगा. तांबड्या लिटमसला निळं करतो आणि बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागतो. हा बुळबुळीतपणा म्हणजे तुमचीच कातडी विरघळत असते, पण मऊ लागतं म्हणून माणसं फसतात. मावशीनं बरणीतला शेवटचा सोडा पाण्यात घातला, भांडं चटका बसेल इतकं तापलं. निवल्यावर तिनं अर्धं द्रावण आमच्या बाटलीत ओतलं आणि मला वर बसवलं. मग ती दाराकडे बघत क्षणभर उभी राहिली. उरलेलं अर्धं तिनं जुन्या बाटलीत भरलं, तेच काळं रबरी बूच त्यावर दाबलं आणि बाटली बेसिनखालच्या कपाटात बादल्यांच्या मागे सारली.

कोणाला एका शब्दानं बोलली नाही. बोलून चालणारच नव्हतं. तिच्या कामाबद्दलचा शेरा त्याच महिन्यात चकाचक लिहिणार होते, आणि तो वाईट गेला की कायमची ऑर्डर गेलीच म्हणून समजा.

इकडे माझ्या गळ्याशी वेगळंच प्रकरण सुरू झालं. आम्ल आणि आम्लारी भेटले की दोघांचा तोरा उतरतो, क्षार तयार होतो आणि पाणी सुटतं. पुस्तकात याला उदासिनीकरण म्हणतात. नावावरून वाटतं घरात कोणी गेलंय, प्रत्यक्षात ती चांगली गरमागरम भानगड असते. आता काचेत असते वाळू, आणि वाळूच्या अंगात थोडा आम्लाचा गुण असतो. एरवी तो दिसत नाही, पण कॉस्टिक सोड्यासारखा दांडगा अंगाला भिडला की बाहेर येतो. माझ्या घासलेल्या खरखरीत अंगात हा दांडगा हळूहळू शिरला, मला थोडं थोडं कुरतडलं आणि आमच्या दोघांच्या मधल्या फटीत क्षाराचा थर जमवून बसला. सिमेंटच म्हणा ना.

परीक्षेच्या दिवशी तीस मुलं आपापल्या ब्युरेटसमोर उभी राहिली. परीक्षक बाई आल्या, पिकलेल्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या. सरांनी मला धरून पिळलं. मी ढिम्म. रुमालात धरून पिळलं. ढिम्म. गळ्यावर गरम पाणी ओतलं, लाकडी ठोकळ्यानं टकटक केलं. मग चकाचक स्वतः पुढे सरसावले. बाह्या सरसावून त्यांनी मला असं काही आवळलं की त्यांचा चेहरा आम्लात पडलेल्या लिटमससारखा तांबडा झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकलं.

"एवढं घट्ट लावलं कोणी?" चकाचक ओरडले.

"मी," मावशी म्हणाली. "तुम्ही लावायला सांगितलं म्हणून."

"उलट उत्तरं नकोत. हा निव्वळ निष्काळजीपणा आहे."

परीक्षक बाईंनी घड्याळ बघितलं. "दुसरं द्रावण असेल तर काढा. नसेल तर परीक्षा पुढे ढकलावी लागेल, आणि मला तसा अहवाल द्यावा लागेल."

बरणी रिकामी होती. मुलांचे चेहरे उतरले. मावशी बेसिनपाशी उभी होती, हात ॲप्रनला पुसत होती. हात कोरडेच होते. बाटली काढली तर आदेश मोडल्याचं उघड होणार होतं आणि न काढली तर तीस पोरांचं वर्ष टांगणीला लागणार होतं. मला त्या वेळी स्वतःचा मनापासून राग आला. निघालो असतो तर सगळं मिटलं असतं.

मावशी वाकली, कपाट उघडलं, बादल्या सरकवल्या आणि बाटली आणून टेबलावर ठेवली. रबरी बूच 'टप्' करून निघालं.

परीक्षा छान झाली. फिनॉल्फ्थॅलीनच्या थेंबानं द्रावणं गुलाबी होत होती, आम्लाचा एक थेंब जास्त पडला की रंग उडत होता आणि मुलं शेजाऱ्याचा आकडा बघून आपला आकडा सुधारत होती. परीक्षक बाई सही करून गेल्या. मुलं गेली. चकाचक मात्र गेले नाहीत.

"लेखी आदेश असताना ही बाटली ठेवली कोणाच्या परवानगीनं?"

मावशीनं तोंड उघडलं. "मोठे सर, मी..."

"माझ्या," सर म्हणाले.

सवयीप्रमाणे ते हे फळ्यालाच म्हणाले होते. मग ते वळले. "मीच ठेवायला सांगितली होती. मावशी नको म्हणत होत्या."

धादांत खोटं! दीड महिना मी त्या मांडणीवरच होतो, सरांनी असं काही सांगितलं असतं तर मला ऐकू आलं असतं. या खोलीत मी पुष्कळ खोटं ऐकलंय, पण इतकं सुबक खोटं आजवर ऐकलेलं नाही.

"लेखी खुलासा द्या," चकाचक म्हणाले.

"देतो. समीकरणासकट देतो."

चकाचक गेल्यावर सर स्टुलावर बसले.

"सर, मी कधी नको म्हटलं होतं?" मावशीनं विचारलं.

"ते जरा जास्तच झालं."

"मग त्या दिवशी का नाही बोललात? त्या दिवशी बोलला असतात तर हे काही झालंच नसतं."

सरांनी बोटांवरची खडूची भुकटी झटकली. "घाबरलो होतो, मावशी," ते म्हणाले.

सरांच्या नावावर वाईट शेरा बसला, तो अजून आहे. मावशीची ऑर्डर चार महिन्यांनी आली. मी होतो तिथेच आहे, गळ्याभोवती पांढरा क्षार घेऊन. मला काढायला बाटलीचा गळा फोडावा लागेल, तेव्हा कृपा करून त्या फंदात पडू नका. तुमच्याकडे कॉस्टिक सोडा असलाच तर त्याला कळकट रबरी बूच लावा, त्याच्या रूपाकडे बघू नका, आणि बाटल्या धुणारीला एकदा विचारून घ्या.

दर वर्षी एका तासाला सर मला टेबलावर ठेवतात आणि "हे का अडकलं ते मावशी सांगतील," म्हणतात. मावशी सांगते, मुलं सरांच्या तासाला देतात तेवढ्याच जांभया देतात. सर तेवढा वेळ पहिल्या बाकावर बसून सगळं वहीत उतरवून घेतात. कशाला, कोण जाणे. त्यांना तर ते पहिल्यापासून ठाऊक होतं.