टीव्हीमागचे कान

मुलाने टीव्हीच्या मागे साबणाच्या दोन वड्यांएवढा कॉम्प्युटर चिकटवला आणि भविष्य सांगायला बसला. कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी, तेव्हा जीभ चालणारच. "आई, पाच वर्षांनी बघ. केबल जाणार, मोठाले कॉम्प्युटर जाणार. घरोघरी हॉलमध्ये हाच असेल. सिनेमा, गाणी, खेळ, सगळं यावरच. बटणसुद्धा दाबायला नको. नुसतं बोलायचं, हा ऐकतो."

"ऐकतो?" आई म्हणाली.

झालं, तिथेच माशी शिंकली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून तिने एकतीस वर्षं काढली होती. ऐकणारा कामापुरतंच ऐकतो, यावर तिचा कसा विश्वास बसणार? ती स्वतः कुठे कामापुरतं ऐकायची?

आणि लपवण्यासारखं तिच्याकडे एक होतं: उजवा गुडघा. जिना उतरताना तो नुसता जीव काढायचा. मुलाला कळलं असतं, तर घराला कुलूप लावून त्याने तिला आपल्याकडे नेलं असतं. तसं तो बोललाही होता. मुलगा गुणी, सूनही चांगली, पण तिला आपल्या घरात, आपल्या खुर्चीत राहायचं होतं. आता तर घरात "आई गं" म्हणायचीसुद्धा चोरी झाली. खुर्चीतून उठताना ती ओठ दाबून धरी.

चार दिवसांनी तिला एक्स्चेंजमधली जुनी युक्ती आठवली. आपलं बोलणं कोणी चोरून ऐकतंय असा संशय आला, की तिथल्या बायका लाइनवर एक थाप सोडून द्यायच्या आणि ती कोणाच्या तोंडून परत येते ते बघत बसायच्या. एका भोचक साहेबाला त्यांनी असंच पकडलं होतं.

रिकाम्या हॉलमध्ये ती खणखणीत आवाजात म्हणाली, "उद्या एक मांजर आणते पाळायला."

शनिवारी मुलाचा फोन आला. तब्येत झाली, पाणी झालं, शेजारी झाले. ठेवता ठेवता म्हणाला, "आणि मांजरबिंजर पाळू नकोस हं. पायात येईल, पडशील."

आईच्या अंगाची लाही लाही झाली. "मांजराचं मी कोणाला सांगितलं रे?"

तो म्हणाला, "तू बोलतेस ते माझ्या फोनवर लिहून येतं. मीच तशी सोय केली. एकटी असतेस, काळजी वाटते."

"म्हणून चोरून?"

"आणि तू? हॉस्टेलचे फोन तुझ्याच एक्स्चेंजमधून जायचे. लाइनवर बारीकसं खट्ट व्हायचं, तू ऐकतेयस हे मला कळायचं. म्हणून तर मित्राला सांगायचो, पोटभर जेवतोय, ताप उतरला. जेवण भिकार होतं आणि ताप चांगला आठवडाभर होता. खरं बोललो असतो, तर तू येऊन मला घरी नेलं असतंस."

"नेलंच असतं," आई म्हणाली.

"काढून टाकू तो डबा?"

"असू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध घेऊन वर आली. गुडघा ठणकत होता. खुर्चीत बसून तिने दम खाल्ला आणि टीव्हीकडे तोंड करून म्हणाली, "आज जिना एका दमात चढले. काही म्हणजे काही झालं नाही."

दुपारी मुलाचा फोन आला.

"आई, जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवून घेऊ या."

"कशाला?"

"तुला तिथेच राहायचंय ना, म्हणून."